पाचवे चाक : ट्रेलरची सुरक्षित जोडणी

मुरगाव बंदर आणि वेर्ण्याची औद्योगिक वसाहत येथून निघून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ वरून उत्तरेस सिंधुदुर्गाकडे व दक्षिणेस कारवारकडे, तसेच सह्याद्रीचा घाट चढून बेळगावकडे जाणारी लांबलचक मालवाहने आता आपल्या नित्य परिचयाची झाली आहेत. पोलादाच्या कांबी, यंत्रसामग्री, आणि २० किंवा ४० फूट लांबीच्या लोखंडी पेट्या म्हणजे कंटेनर वाहून नेणारे हे वाहन दुरून एकसंध दिसते. वस्तुतः ती दोन स्वतंत्र वाहने असतात. इंजिन आणि चालकाची केबिन असलेल्या पुढच्या भागास चालकमंडळी 'घोडा' म्हणतात. मागील भाग म्हणजे ट्रेलर. त्याला स्वतःचे इंजिन नसते आणि बहुतेक ट्रेलरना पुढची चाकेही नसतात. या दोहोंना जोडून ठेवणारी वस्तू म्हणजे मनगटापेक्षाही बारीक अशी एक पोलादी खुंटी.

तीस टनांचा भार या एका खुंटीच्या आधारे घाट उतरतो, गावांच्या बाजारपेठांतून जातो आणि शाळांच्या दारावरून वळतो. जोड नीट बसला असेल तर तो वर्षानुवर्षे दगा देत नाही. जोड बसला आहे असे केवळ वाटले, आणि प्रत्यक्षात तो बसला नसेल, तर पहिल्याच खड्ड्यावर किंवा पहिल्याच जोराच्या ब्रेकला ट्रेलर घोड्यापासून सुटू शकतो. म्हणून ही जोडणी कशी करावी, आणि विशेषतः ती झाली याची खात्री कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. हा विषय केवळ चालकांचा नव्हे. आपल्या गावांतील अनेक तरुण क्लीनर म्हणून या वाहनांवर कामास लागतात, आणि जोडणीच्या वेळी दोन वाहनांच्या मध्ये उभे राहण्याचा प्रसंग बहुधा त्यांच्यावरच येतो.

नावामागील कथा

चार चाकांच्या गाडीस पाचवे चाक कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे उत्तर जुन्या चारचाकी घोडागाडीत सापडते. आपल्या बैलगाडीस दोनच चाके असतात. बैल वळले की संपूर्ण गाडी वळते. चारचाकी बग्गीचे तसे नसते. तिचा पुढचा आस वळू शकला नाही, तर गाडी वळणार कशी? यासाठी गाडीचा सांगाडा आणि पुढचा आस यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवीत. त्या कड्यावर आस डावीउजवीकडे फिरे. जमिनीला न टेकणारे हे आडवे कडे म्हणजेच 'पाचवे चाक'. मोटारींचे युग आले, घोडे गेले, परंतु नाव मागे राहिले. आजही या जोडास सर्वत्र 'फिफ्थ व्हील' म्हणतात, आणि चालक त्याला 'टर्नटेबल' असेही म्हणतात.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी १९१४ साली ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकूडव्यापाऱ्याच्या सांगण्यावरून त्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडावयाची एक गाडी तयार केली. 'सेमी-ट्रेलर' या वाहनप्रकाराचा प्रसार तेथून झाला. पुढे २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या वाहतूक व्यावसायिकाने 'आयडियल एक्स' या जहाजातून ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे रवाना केले. जहाजावरून उतरलेली पेटी तशीच ट्रेलरवर चढवावी आणि थेट कारखान्याच्या दारी न्यावी, ही पद्धत त्यानंतर जगभर रूढ झाली. घोडा एकच असला तरी त्याला दिवसातून अनेक ट्रेलर जोडता येतात. एक ट्रेलर भरला जात असताना दुसरा वाटेवर असतो. वेळेची ही बचत मोठी आहे. परंतु त्यामुळे जोडणे आणि सोडणे ही क्रिया वारंवार, घाईने व पुष्कळदा अंधारात करावी लागते. धोका नेमका येथे जन्म घेतो.

भार कोठे बसतो?

बैलगाडी भरण्याचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास ट्रेलरचे तत्त्व समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. माल मागे अधिक झाला तर गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यास फास बसतो. माल पुढे अधिक झाला तर सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून जाणता गाडीवान थोडा भार जुवावर राहील अशा बेताने गाडी भरतो.

सेमी-ट्रेलरचेही असेच आहे. त्याच्या वजनाचा एक भाग त्याच्या स्वतःच्या मागच्या चाकांवर, तर दुसरा भाग घोड्याच्या पाठीवरील पाचव्या चाकावर टेकलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही सेमी-ट्रेलरची व्याख्या याच आधारावर केलेली आहे : ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा अंश ते वाहन वाहते, तो सेमी-ट्रेलर. याचा अर्थ असा की पाचव्या चाकास दोन कामे करावी लागतात. त्याने ट्रेलर ओढावयाचा असतो आणि त्याचे वजनही पेलावयाचे असते. यापैकी एकही काम अर्धवट झाले तर जोड निकामी समजावा.

जोडाचे भाग

घोड्याच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या वरच्या बाजूस, ग्रीस लावलेली एक जाड पोलादी तबकडी असते. तिच्या मागच्या बाजूस इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असते. या खाचेच्या शेवटी, तबकडीच्या पोटात, पोलादी जबडा बसविलेला असतो. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली सपाट पत्रा असून त्याच्या मध्यातून एक खुंटी खाली आलेली असते. हिला 'किंगपिन' म्हणतात. या खुंटीला मध्ये बारीक मान आणि खाली जाड डोके असते. घोडा मागे घेतला की खुंटी खाचेतून सरकत जबड्यात शिरते आणि जबडा तिच्या मानेभोवती मिटतो. मान बारीक व डोके जाड असल्याने खुंटी वर निसटू शकत नाही. जबडा मिटला की बाजूची ओढदांडी आत जाते आणि तिच्यावर सुरक्षा-अडकणी बसते.

सर्वसाधारण ट्रेलरच्या खुंटीची मान २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर व्यासाची असते. अतिशय अवजड मालाच्या ट्रेलरना साडेतीन इंची खुंटीही असते. दोन इंची खुंटी साडेतीन इंची जबड्यात बसविणे म्हणजे सैल आंगठी बोटात घालून पोहावयास जाण्यासारखे आहे. अनोळखी ट्रेलर जोडताना हे माप आधी जुळवून पाहावे.

घोडा नसताना ट्रेलरचा पुढचा भाग ज्यांवर उभा राहतो ते दोन लोखंडी पाय हँडल फिरवून खालीवर करता येतात. याशिवाय घोड्याकडून ट्रेलरकडे हवेच्या दोन नळ्या आणि दिव्यांसाठी विजेची एक केबल जाते. लाल नळी ट्रेलरच्या टाकीस हवा पुरविते. पिवळी नळी चालकाने ब्रेक दाबल्याचा संदेश मागे पोहोचविते.

जोडणीपूर्वीची तपासणी

पहिली गोष्ट जमिनीची. जागा सपाट व टणक असावी. आपल्याकडे पावसाळ्यात तांबडी माती लोण्यासारखी मऊ होते आणि भरलेल्या ट्रेलरचे पाय तीत रुततात. पाय रुतले की ट्रेलरची उंची बदलते. म्हणून ट्रेलर उभा करतानाच पायांखाली जाड लाकडी फळ्या घालाव्यात.

दुसरी गोष्ट ट्रेलरच्या ब्रेकची. ट्रेलरचा उभा राहण्याचा ब्रेक लावलेला आहे हे पाहावे आणि त्याच्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. काही जुन्या ट्रेलरचे ब्रेक टाकीतील हवेवरच अवलंबून असतात. ट्रेलर बराच काळ उभा राहिला तर हवा हळूहळू गळून जाते आणि ब्रेक आपोआप सैल पडतात. म्हणून ब्रेक आणि ठोकळे ही दोन्ही असावीत. एकाच्या भरवशावर दुसरे सोडू नये.

तिसरी गोष्ट पाचव्या चाकाची. तबकडी मागे झुकलेली असावी, जबडा उघडा असावा, ओढदांडी बाहेर असावी. तबकडीस तडा, सैल बोल्ट वा तुटलेला भाग आहे काय ते पाहावे. ग्रीस पुरेसे असावे, परंतु वाळू-खडी मिसळलेले जुने ग्रीस पुसून नवे लावावे. कारण वाळूमिश्रित ग्रीस वंगणाचे काम करण्याऐवजी कानशीप्रमाणे पोलाद घासत राहते. खुंटी वाकलेली किंवा झिजलेली तर नाही ना, हेही पाहावे.

चौथी गोष्ट माणसांची. आसपासची माणसे, मुले व गुरे दूर करावीत. मार्गदर्शनासाठी एकच व्यक्ती असावी. दोघे-तिघे एकाच वेळी ओरडू लागले तर चालक कोणाचेच ऐकू शकत नाही. मार्गदर्शकाने चालकास आरशात दिसेल अशा ठिकाणी, बाजूस उभे राहावे. तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने तत्क्षणी गाडी थांबवावी. घोडा हलत असताना घोडा व ट्रेलर यांच्यामध्ये कोणीही, कोणत्याही कारणास्तव शिरू नये. हा नियम अपवादरहित आहे.

जोडणीचा क्रम

१. घोडा ट्रेलरच्या समोर सरळ रेषेत आणावा. तिरकस मागे घेतल्यास खुंटी खाचेच्या कडेवर आदळते आणि ट्रेलर बाजूस ढकलला जातो.

२. ट्रेलरच्या थोडे अलीकडे थांबावे, हँडब्रेक लावावा आणि खाली उतरावे. ट्रेलरचा पुढचा पत्रा तबकडीच्या मध्यभागापेक्षा किंचित खाली असावा. घोडा आत शिरताना त्याने ट्रेलर जरासा उचलला पाहिजे. उंची कमी-अधिक असल्यास पायांचे हँडल फिरवून ती जुळवावी.

३. पुन्हा केबिनमध्ये बसून अगदी सावकाश मागे यावे. तबकडी पत्र्याखाली सरकेल, ट्रेलर थोडा उचलला जाईल आणि खुंटी जबड्यात शिरल्याचा 'खट्ट' असा आवाज येईल. येथे थांबावे.

४. ट्रेलरचे ब्रेक व ठोकळे कायम ठेवून, खालच्या गिअरमध्ये घोडा हळूच पुढे ओढून पाहावा. जोड बसला असेल तर घोडा जागीच अडून राहतो. ही ओढ एकदा नव्हे, दोनदा द्यावी. जोर अंदाजाने, बेताचा असावा. हिसका देऊ नये.

५. हँडब्रेक लावून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून खाली उतरावे आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

६. हवेच्या नळ्या व विजेची केबल जोडावी. नळ्या लोंबकळत नाहीत, कोठे घासत नाहीत आणि वळणावर ताणल्या जाणार नाहीत, हे पाहावे.

७. ट्रेलरचे पाय पूर्णपणे वर घ्यावेत आणि हँडल त्याच्या जागी अडकवावे. अर्धवट उचललेला पाय रेल्वे फाटकावर किंवा गतिरोधकावर आपटून मोडतो.

८. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, इशारादिवे व परावर्तक तपासावेत. हवेचा दाब पूर्ण भरू द्यावा आणि कोठे गळतीचा आवाज येतो काय ते ऐकावे.

९. सर्वांत शेवटी चाकांचे ठोकळे काढून जागेवर ठेवावेत, ट्रेलरचा उभा राहण्याचा ब्रेक सोडावा आणि निघाल्यावर थोड्याच अंतरावर, सावकाश गतीत, ब्रेक एकदा दाबून पाहावा.

खोटा जोड

वरील क्रमातील पाचवी पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आवाज आला, घोड्याने ओढ घेतली, गाडी हलली. आता उतरण्याची काय आवश्यकता, असा विचार मनात येतो. परंतु आवाज फसवू शकतो, आणि ओढसुद्धा फसवू शकते.

ट्रेलर प्रमाणापेक्षा उंच उभा असेल तर खुंटी जबड्यात पुरेशी खोल उतरत नाही. अशा वेळी जबडा तिच्या मानेभोवती न मिटता खालच्या डोक्याशी अडखळतो, किंवा खुंटी जबड्यावरून पलीकडे जाते. बाहेरून सारे ठीक दिसते. वजनाच्या दाबामुळे ट्रेलर काही अंतर घोड्याबरोबर चालतोही. मग एखाद्या चढावर, खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ट्रेलरचा पुढचा भाग क्षणभर उचलला जातो आणि खुंटी सुटते. काम फत्ते झाले असे मानून चालक निश्चिंत असतो. म्हणून हा खोटा जोड न लागलेल्या जोडापेक्षाही घातक होय.

तो ओळखण्याची रीत सोपी आहे. बॅटरी घेऊन ट्रेलरच्या बाजूने वाकावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तबकडी आणि ट्रेलरचा पत्रा एकमेकांना पूर्णपणे टेकलेले आहेत काय? दोहोंच्या मधून उजेड दिसत असेल तर जोड खोटा आहे. दुसरी, जबडा खुंटीच्या मानेभोवतीच मिटला आहे काय? तिसरी, ओढदांडी पूर्ण आत जाऊन तिची सुरक्षा-अडकणी बसली आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरच पुढील पायरीकडे वळावे. एकाचेही उत्तर संशयास्पद असेल तर जोड सोडवून उंची पुन्हा जुळवावी आणि संपूर्ण क्रिया पहिल्यापासून करावी. हातोडीने दांडी ठोकून आत बसविणे हा उपाय नव्हे.

ही पाहणी दिवसासुद्धा बॅटरीच्या प्रकाशातच करावी, कारण तबकडीखाली भर दुपारीही अंधार असतो.

लाल नळीचा क्षण

जोडणीत आणखी एक क्षण प्राणघातक ठरू शकतो. लाल नळी ट्रेलरला हवा पुरविते, आणि ही हवा मिळाली की ट्रेलरचे आपोआप लागलेले ब्रेक सुटतात. रस्त्यावर ही योजना हितकारक असते; नळी तुटली तर हवा जाते आणि ब्रेक स्वतःहून लागतात. परंतु जोडणीच्या वेळी चालक दोन वाहनांच्या मध्ये उभा असतो. घोड्याचा हँडब्रेक लावलेला नसेल, ट्रेलरचा उभा राहण्याचा ब्रेकही लावलेला नसेल आणि चाकांना ठोकळे नसतील, तर लाल नळी जोडताक्षणी संपूर्ण वाहन उताराकडे चालू लागते. धावत जाऊन केबिनमध्ये चढावे आणि ते थांबवावे, असा प्रयत्न करण्याचा मोह होतो. तो प्रयत्न करू नये. बाजूस व्हावे आणि इतरांना सावध करावे.

याचा हिशोब शाळेतील विद्यार्थ्यासही करता येईल. वीस मीटर अंतरात एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ३० टनांचे वाहन उभे आहे, असे समजा. त्यास उताराच्या दिशेने खेचणारा जोर वजनाच्या एक-विसांश, म्हणजे दीड टन भाराइतका असतो. घर्षण जमेस न धरता हिशोब केला, तर अवघ्या १० सेकंदांत त्या वाहनास ताशी १७ ते १८ किलोमीटरची गती येते आणि ते सुमारे २५ मीटर पुढे जाते. दीड टन जोर अडविण्याची शक्ती कोणाही मनुष्याच्या अंगी नाही. हँडब्रेक लावण्यास मात्र एका सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही.

यास्तव लाल नळीस हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी मनाशी म्हणाव्यात : घोड्याचा ब्रेक लागला, ट्रेलरचा ब्रेक लागला, ठोकळे लागले. यांपैकी एकीविषयी शंका असेल तर परत जाऊन पाहावे.

ट्रेलर सोडविताना

सोडविण्याचा क्रम जोडणीच्या उलट असतो. सपाट व टणक जागी थांबून घोड्याचा व ट्रेलरचा ब्रेक लावावा, चाकांना ठोकळे द्यावेत. पायांखाली फळ्या घालून पाय जमिनीस टेकेपर्यंत खाली घ्यावेत. नंतर नळ्या व केबल काढून त्यांच्या जागी अडकवाव्यात. त्यानंतरच अडकणी काढून ओढदांडी ओढावी. घोडा थोडा पुढे घेऊन, तबकडी अजून पत्र्याखाली असतानाच थांबावे आणि उतरून पाय ट्रेलरचे वजन पेलत आहेत काय ते पाहावे. पाय खचत असतील तर घोडा अजून आधारास असतो. थेट बाहेर काढलेला घोडा अशा वेळी परत मिळत नाही; ट्रेलर नाकावर आपटतो.

शेतातील ट्रॉली

हे सारे महामार्गावरील मोठ्या वाहनांचे झाले. आमच्याकडे तर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच आहे, असे काही वाचक म्हणतील. दोन चाकांच्या ट्रॉलीचेही वजन अंशतः ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेले असते. म्हणजे तत्त्व तेच, केवळ आकार लहान. भात, ऊस, चिरे किंवा वाळू भरलेली ट्रॉली सुटली तर तिचा मार्ग अडविणारे कोणीही नसते. अनेक ट्रॉलींना स्वतःचा ब्रेकही नसतो.

ट्रॉली जोडताना पुढील पथ्ये पाळावीत. ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच जोडावी. उंचावर, मागच्या आसाच्या वर साखळी किंवा दोर बांधून भार ओढल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो चालकावर उलटू शकतो. जोडाची पिन योग्य जाडीची व मूळ बनावटीची असावी. पिन हरवली म्हणून बांधकामाची सळई किंवा मिळेल तो बोल्ट घालणे ही आपल्याकडील सर्वसाधारण सवय आहे, आणि ती सोडून दिली पाहिजे. पिनच्या खालच्या टोकास अडकणी अवश्य लावावी. बैलगाडीच्या आसाची कुणी निघाली तर चाक निखळते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. म्हणून गाडी जुंपण्यापूर्वी ते कुणीवर हात फिरवून पाहत. पिनच्या अडकणीचे महत्त्व तेवढेच आहे. पिनशिवाय एक मजबूत सुरक्षा-साखळी जोडावी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली मोकळी होत नाही.

ट्रॉलीचा दांडा हाताने उचलून धरावयाचा आणि ट्रॅक्टर मागे येत असताना पिन घालावयाची, ही पद्धत अत्यंत घातक आहे. दांडा टेकूवर ठेवावा, ट्रॅक्टर थांबवून ब्रेक लावावा, आणि मगच मध्ये जाऊन पिन घालावी. मुलांना या कामास मुळीच लावू नये.

गावाची व शाळेची जबाबदारी

गावातून जाणाऱ्या रस्त्यावर, ढाब्याच्या आवारात किंवा पंचायतीच्या मोकळ्या जागेत ट्रेलर सोडून ठेवलेला आढळतो. त्याच्या चाकांना ठोकळे आहेत काय, पायांखाली फळ्या आहेत काय आणि रात्री तो परावर्तकामुळे दिसतो काय, हे पंचायतीच्या सदस्यांनी पाहावे व त्रुटी आढळल्यास चालकास सौजन्याने सांगावे. उभ्या ट्रेलरखाली मुले सावलीसाठी बसतात, खेळतात. त्यांना तेथून दूर ठेवणे हे प्रत्येक जाणत्या माणसाचे काम आहे.

शिक्षकबंधू-भगिनींना हा विषय विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. तरफ, भारकेंद्र, घर्षण आणि हवेचा दाब ही चारही प्रकरणे एका ट्रेलरमध्ये एकवटलेली आहेत. उतरती फळी, खेळण्यातील गाडी आणि रबराचा तुकडा एवढ्या साहित्यावर ठोकळ्याचे महत्त्व वर्गात दाखविता येते. ज्या मुलाने शाळेत हे पाहिले आहे तो उद्या क्लीनर झाला, तर दोन वाहनांच्या मध्ये उभे राहण्यापूर्वी निश्चितच विचार करील.

वाहनमालक व गोदामांचे व्यवस्थापक यांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. जोडणीची तपासणी करण्यास दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे चालकाच्या वेळापत्रकात धरलेली असावीत. उशीर झाला म्हणून ओरडणारा मालक आणि उतरून न पाहणारा चालक हे एकाच अपघाताचे दोन भागीदार असतात. जोडणीच्या जागी पुरेसा उजेड, टणक जमीन, ठोकळे आणि बॅटरी यांची सोय करणे हा खर्च नव्हे. ते मालाचे व माणसाचे रक्षण आहे.

जोड लागल्याचा निर्णय कानाने करावयाचा नसतो, अंदाजाने तर नव्हेच. प्रत्येक वेळी, मग ती दिवसातील पहिली खेप असो की शेवटची, पाऊस असो की मध्यरात्र, चालकाने खाली उतरावे, वाकावे आणि जबडा मिटलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. तेवढे झाल्यावरच गाडी रस्त्यावर आणावी.